बारा कळ्यांचं आभाळ

दस्तगीरमामू कुठंही गेले की आधी वर बघायचे. कुणाचं घर असो, बँक असो, दवाखाना असो. उंबरा ओलांडला की त्यांची मान मागं जायची, नजर छताच्या चारी कोपऱ्यांतून फिरून यायची आणि मगच ते समोरच्या माणसाला 'काय म्हणताय' म्हणायचे. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते वास्तुशांतीच्या मांडवाचं माप घ्यायला. दारातच थांबून त्यांनी मिनिटभर माझ्या नव्याकोऱ्या स्लॅबकडं पाहिलं आणि म्हणाले, "सर, त्या तिकडच्या कोपऱ्यात पानी मुरणार. गवंड्याला आत्ताच धरा." मी हसून सोडून दिलं. मी विज्ञानाचा शिक्षक, आणि हा मांडववाला मला माझ्याच घरातलं पाणी दाखवणार! पुढच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्याखाली आम्ही बादली ठेवली. बायको अजूनही तिला 'मामूंची बादली' म्हणते आणि पाहुण्यांनी विचारलं तर सगळी हकीकत सांगते.

मामूंचा इस्लामपुरात मांडवाचा धंदा होता. आडनाव नदाफ. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. मामूंनी गाद्या सोडून मांडव धरला. "अब्बा मानसाला खालनं मऊ करायचे, मी वरनं सावली करतो," असं ते सांगत. साठी ओलांडलेली, अंगानं अगदी काठी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि शर्टाच्या कॉलरला दोऱ्यासकट सुई कायम टोचलेली. फूट-इंचांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. 'दोन पंगतींचा मांडव', 'रुसव्या पावन्याचा मांडव' अशी त्यांची मापं. रुसलेला पाहुणा लांब जाऊन बसतो, म्हणून दोन हात कापड जास्त घ्यावं लागतं, हे गणित मला त्यांनीच शिकवलं. एकदा एका लग्नात मुहूर्ताला अर्धा तास राहिला असताना झालरीची एक चुणी वाकडी दिसली म्हणून त्यांनी सगळी झालर खाली उतरवली. नवरीचा बाप हात जोडून 'राहू द्या, मामू' म्हणत होता. मामू उसवतच होते. "उसवायला लाजंल त्यानं शिवू नये," हे त्यांचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी, आणि वाक्य छान आहे म्हणून डायरीत लिहून ठेवलं. डायरीत लिहिलं की ते आपल्याला कळलं, असा माझा तेव्हा समज होता.

आता थोडं माझ्याविषयी. पंचक्रोशीत माझी ख्याती 'खगोलवाले सर' अशी होती. ती कशी झाली हे मला नीट सांगता येत नाही. माझी पदवी रसायनशास्त्राची. एकदा शाळेच्या परिपाठात मी धूमकेतूवर पाच मिनिटं बोललो, ते कुणी तरी स्थानिक वर्तमानपत्रात छापलं, आणि तेव्हापासून ग्रहण आलं की लोक मला फोन करू लागले. मग मी दोन पुस्तकं आणली, नक्षत्रांची नावं पाठ केली, आवाजात जरा खर्ज आणला. प्रत्यक्ष आकाश मात्र मी कधी फारसं पाहिलेलं नव्हतं. मला थंडी बाधते. सूर्य मावळला की मी कानटोपी घालून दार लावून घेतो. वीस वर्षं मुलांना 'रात्री गच्चीवर जाऊन बघा' असा गृहपाठ मी दिला, तो स्वतः एकदाही केला नाही.

आमच्या घुमटाची कल्पना कुणाची, यावर मी बरीच भाषणं दिली आहेत. पहाटेच्या चिंतनात मला ती सुचली, असं मी त्यांत सांगायचो. खरी गोष्ट अशी, की शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव उभा राहत होता. सकाळचे दहा वाजलेले. मामूंचा एक जुना काळा पडदा बांबूंवर टाकलेला, त्याला उंदरांनी जागोजागी कुरतडलेलं. पाचवीची पोरं त्याखाली शिरून उताणी पडली होती आणि 'चांदण्या, चांदण्या' म्हणून ओरडत होती. मी पट्टी घेऊन त्यांना हाकलायला धावलो. मामू मधे आले. म्हणाले, "आवं सर, हाकलताय कशापायी? आत शिरून तरी बघा." मी शिरलो. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, आणि प्रत्येक भोकातून उजेडाचा एकेक टिपका. दिवसाढवळ्या आभाळ. थंडी नाही, कानटोपी नाही. हे खगोलशास्त्र मला एकदम पटलं.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मामूंनी काळं जाड कापड आणलं आणि त्याच्या बारा कळ्या कापल्या. घेरदार झग्याला असतात तशाच कळ्या, एका टोकाला निमुळत्या. त्या एकमेकींना जोडल्या की घुमट तयार. खाली आधाराला बारा वाकवलेले पाईप. मी जानेवारी महिन्यातल्या संध्याकाळच्या आकाशाचा एक नकाशा मोठा करून कागदावर उतरवला आणि त्याच्या बारा फाका केल्या. मामू कळी पसरायचे, तिच्यावर कागद ठेवायचे आणि ताऱ्यांच्या जागी खडूनं खुणा करायचे. मग तापवलेल्या दाभणानं भोक. बारीक ताऱ्याला दाभणाचं नुसतं टोक, रोहिणीला अर्धं दाभण, आणि सगळ्यांत तेजस्वी जो व्याध त्याला चुलीत लाल केलेला खिळा. खुणा ते कापडाच्या उलट्या बाजूला करत होते. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सर, मांडवात पावना खाली बसतो. कापडाची सुलटी बाजू पावन्याला. खडू, गाठी, शिवन, आपली समदी घान वरच्या अंगाला." मला हे फार आवडलं. कागद सरकू नये म्हणून मी स्वतः त्याचे चारी कोपरे अंगठ्यांनी दाबून धरले होते. खालून वर बघताना जसं दिसतं तसा काढलेला नकाशा आपण वरच्या अंगाला उतरवतो आहोत, म्हणजे खालून तो आरशातल्यासारखा उलटा दिसणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाराही कळ्या होईपर्यंत आलं नाही.

घुमट पहिल्यांदा शाळेच्या मैदानात उभा केला तेव्हा मामूंच्या ते लगेच ध्यानात आलं. कापडाच्या काठावर आम्ही दिशांची अक्षरं लिहिली होती. 'उ' उत्तरेला लावला की 'पू' पश्चिमेला जात होता. मामू दोनदा फिरून आले आणि म्हणाले, "सर, कायतरी घोळ हाय. उगवतीचं मावळतीला गेलंय." मी हसलो. असल्या प्रसंगी माझं एक विशिष्ट हसू असायचं. ते आठवलं की आता माझं मलाच चिमटा काढावासा वाटतो. मी म्हणालो, "मामू, आकाशाच्या नकाशात पूर्व-पश्चिम उलटच असतात. शास्त्रात तसं असतं." हे वाक्य खरं आहे. असला नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडं काढतात. डोक्यावर धरला की दिशा आपोआप जागेवर बसतात. आमचा घुमट डोक्यावरच होता आणि दिशा जागेवर बसत नव्हत्या, एवढंच मी बघायला हवं होतं.

मामूंनी आणखी एकदा सांगून पाहिलं. आयुष्यभर मांडवाच्या राखणीला ते उघड्यावर झोपलेले. मृगातल्या ओळीनं असलेल्या तीन ताऱ्यांना ते तिकांडं म्हणत. "तिकांड्याच्या मागनं ती झगझगीत चांदनी वर येती, सर. कवाबी बघा. हितं ती म्होरं पळतीया." झगझगीत चांदणी म्हणजे व्याध. मी त्यांना खांद्यावर हात ठेवून पृथ्वीच्या परिवलनाविषयी दहा मिनिटं समजावलं. ते उभ्यानं ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "शास्त्रात असंल तर असंल. आमी काय, शिवणारी मानसं."

नंतरचं वर्ष फार मजेत गेलं. सुट्टीच्या दिवशी मामूंच्या टेंपोत घुमट टाकायचा आणि निघायचं. वाळवा तालुका झाला, कराडकडच्या शाळा झाल्या, एकदा तर पार खंडाळ्यापर्यंत जाऊन आलो. मामू टेंपो स्वतः चालवायचे आणि या फेऱ्यांचं कापड-पाईपाचं भाडं त्यांनी कधी लावलं नाही. पंचवीस-तीस मुलं रांगत आत यायची, सतरंजीवर उताणी पडायची, आणि दार पडलं की त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकण्यासाठी मी कुठंही गेलो असतो. मग मी खर्जात सुरू व्हायचो. मामू बाहेर दोऱ्या सांभाळत. एकदा मी आकाशगंगेच्या भव्यतेवर बोलत असताना पुनर्वसूचे दोन्ही तारे एकदम विझले. मुलं दचकली. मीही दचकलो, पण शिक्षकाला गप्प बसता येत नाही, म्हणून मी म्हणालो, "मुलांनो, विश्वात अशा घटना घडत असतात. एक गोल दुसऱ्याच्या आड जातो, त्याला पिधान म्हणतात." बाहेरून मामूंचा आवाज आला, "सर, कावळा बसलाय. थांबा, हाकलतो." त्यानंतर त्या शाळेत पिधानाचा अर्थ कावळा असाच झाला असावा.

मुलं पुढं मला विसरायची, पण मामूंना विसरायची नाहीत. खेळ संपला की ती त्यांच्याभोवती जमायची. चंद्र दिवसा का दिसतो, तारे कुठं झोपतात, असं काही त्यांना विचारलं की ते म्हणत, "ते सरांस्नी इचारा. पर आधी सोता बघा. बघितल्याबिगर इचारलं तर उत्तर पचत न्हाई, गड्या."

औंधजवळच्या एका गावात, मी शाळेतून रजा काढून, आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो, कारण दुसऱ्या दिवशी आसपासच्या वाड्यांची मुलंही येणार होती. पहिल्या दिवसाचा खेळ झकास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळी शाळा मैदानात रांगेत उभी असताना, सहावीतली सानिका नावाची एक मुलगी पुढं आली. दोन घट्ट वेण्या, हातात वही. म्हणाली, "सर, तुमचं आभाळ उलटं आहे."

मुलं हसली. मीही ते माझं हसू हसलो. ती म्हणाली, "मी काल संध्याकाळी अंगणात बसून बघितलं. व्याध पूर्वेला, यमाईच्या डोंगराकडून वर आला. तुम्ही आम्हाला तो शाळेच्या फाटकाच्या बाजूला दाखवलात." मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं, की बाळ, आकाशाच्या नकाशात पूर्व-पश्चिम उलट असतात. तिनं जरा विचार केला. "पण सर," ती म्हणाली, "हा नकाशा नाहीये. हे आभाळ आहे ना?"

मुख्याध्यापिका बाईंनी मदत करायची म्हणून मोबाइल काढला. त्यात आकाश दाखवणारं काही तरी होतं. त्यांनी वेळ कालच्या संध्याकाळची लावली, मोबाइल डोंगराकडं धरला आणि हळूच म्हणाल्या, "सर, ही बरोबर सांगतेय." शंभर-सव्वाशे मुलं, पाच शिक्षक, चार पालक माझ्याकडं बघत होते. आणि मी म्हणालो, "अरेच्चा! मी नकाशा बरोबर दिला होता. शिवणाऱ्यानं उलटं शिवलेलं दिसतंय."

मामू चार हातांच्या अंतरावर पाईप धरून उभे होते. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलांकडं पाहिलं. म्हणाले, "व्हय. शिवलंय मीच." आणि पाईप खाली ठेवून दोऱ्या सोडायला लागले.

पुसेसावळीच्या रस्त्यानं इस्लामपूरला परत येईस्तोवर टेंपोत आम्ही एक शब्द बोललो नाही. खरं म्हणजे मी बोलत होतो. ऊस, रस्ते, डिझेल, हवा, सगळ्यावर बोललो. मामू 'हां' म्हणत होते. घरी आल्यावर बायकोला मी झाल्या प्रकाराची माझी आवृत्ती सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि एवढंच विचारलं, "पण खुणा करताना कागद कुणी धरला होता?" मी जेवण अर्धवट टाकून उठलो. ती म्हणाली, "आमटी चांगली झालीय, तिच्यावर राग काढू नका." मी परत बसलो.

तीन दिवस मी मामूंच्या दुकानावरून जाणं टाळलं. शाळेत जायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून मी मागच्या बोळातून, उकिरड्याला वळसा घालून जात होतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी. चौथ्या दिवशी रविवार होता. दुकानात गेलो तर मामू जमिनीवर बसून घुमट उसवत होते. चार कळ्या सुट्या झालेल्या.

"मामू, हे नुसतं आतलं बाहेर केलं असतं तरी चाललं असतं की," मी म्हणालो.

"चाललं असतं. पर मग गाठी आन् शिवन पावन्याच्या डोसक्यावर आली असती. खडू झटकून एकेक कळी उलटी करतो आन् परत जोडतो." त्यांनी वर न बघता कापडाचं एक टोक माझ्याकडं सरकवलं. "धरा जरा ताणून."

मी धरलं. बराच वेळ धाग्याचा तटतट आवाज येत राहिला. मी घरून जुळवून आणलेली तीन-चार वाक्यं होती. अनवधान, परिस्थितीचा दबाव, असे शब्द त्यांत होते. मी पहिलं वाक्य सुरू केलं तसं मामूंनी हात वर केला.

"मला काय सांगता, सर? मला ठावं हाय की काय झालंय ते. ज्या पोरांस्नी वरीसभर उलटं शिकीवलं त्यांस्नी सांगा. त्या दोन येण्यांच्या पोरीला आधी सांगा."

"सगळ्यांसमोर?" मी विचारलं. माझा आवाज पोराटोरासारखा आला.

"बोललात समद्यांसमोर न्हवं?" मामू म्हणाले. एवढंच. रागाचा म्हणून एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि पुन्हा ते उसवायला लागले. पुढचे दोन रविवार आणि मधल्या सगळ्या संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात कापड ताणून धरून बसलो. माझ्या हातून दोन सुया मोडल्या. मला शिवू द्यायला ते तयार नव्हते, उसवू मात्र देत होते.

जानेवारी संपता संपता आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. वाटेत मला तीनदा वाटलं की टेंपो बंद पडावा. नाही पडला. घुमट उभा राहिला, या खेपेला 'पू' पूर्वेला आला. सहावीचा वर्ग रांगत आत गेला, सानिका माझ्या पायाशीच आडवी झाली, दार पडलं. अंधार होता, ते एक बरं होतं.

मी सुरू केलं, "विद्यार्थी मित्रहो, मागील वेळी काही तांत्रिक कारणांमुळे..."

"सर," कापडाच्या पलीकडून मामूंचा आवाज आला, "पोरांस्नी कळंना. सरळ बोला."

मी थांबलो. मग म्हणालो, "मुलांनो, मागच्या वेळी मी तुम्हाला उलटं आभाळ दाखवलं. चूक माझी होती. मामूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मग सानिकानं विचारलं, "मग तुम्ही मामूंनी चुकीचं शिवलं असं का म्हणालात?"

मुलांना शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "मला लाज वाटली म्हणून," मी म्हणालो. "तुमच्यासमोर मी अडाणी ठरलो असतो, म्हणून मी त्यांचं नाव घेतलं." खर्ज वगैरे काही लागला नाही, आवाज नुसता चिरका निघाला.

मला वाटलं, संपलं. पण त्या मुलीचं संपलं नव्हतं. "आणि आता हे बरोबर आहे कशावरून?" ती म्हणाली.

ते मी स्वतः तपासलंच नव्हतं. इतकं रामायण होऊनही मी संध्याकाळचा घरातच होतो, कानटोपी घालून. बाहेरून मामू म्हणाले, "पोरी, समदं वहीत काढून घे. दिवस मावळल्यावर लावून बघू. माझ्यावरबी इश्वास ठेवू नको आन् सरांवरबी नको."

त्या दिवशी आम्ही मुक्काम केला. साडेसहाला सगळी मुलं स्वेटर घालून मैदानात हजर. काहींचे आईवडीलही आले. मी मफलर, कानटोपी, वर मुख्याध्यापिका बाईंची शाल, अशा वेषात उभा होतो. आणि काळोख पडत गेला तसं डोंगराच्या अंगानं ते सगळं वर आलेलं दिसलं. तिकांडं, आणि त्याच्या मागून व्याध. मी ज्याच्यावर वर्षभर व्याख्यानं दिली ते मी पहिल्यांदा बघत होतो. कुणाला सांगितलं नाही, पण मला रडू येत होतं, आणि थंडीनं नाकही गळत होतं, त्यामुळं ते खपून गेलं.

सानिका वही घेऊन बॅटरीच्या उजेडात एकेक तारा टिकमार्क करत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाकी सगळं बरोबर आहे. पण तिकांडं आणि व्याध यांच्या मधे तुमच्यात एक तारा जास्त आहे. इथं तो नाहीच." मी तोंड उघडलं. 'तो ग्रह असावा, सरकला असेल,' हे वाक्य अगदी जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं होतं. मी ते गिळलं. तेवढ्यात मामू पुढं आले, वहीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "ते भोक माझं. कळ्या जोडताना दाभण निसटलं. ही चूक माझी हाय, सर. ही घेतो मी." आणि इतके मोकळे हसले, की त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मीही हसलो.

त्यांनी तिथंच शाळेच्या पायरीवर बसून उतरवलेल्या घुमटाची ती कळी मांडीवर घेतली, कॉलरची सुई काढली आणि बॅटरीच्या उजेडात ठिगळ लावायला लागले. मी म्हणालो, "राहू दे की मामू, एक जास्त. कुणाला कळतंय?" "मला कळलं की," सानिका म्हणाली. मामूंनी दातानं दोरा तोडला आणि तिच्याकडं बोट करून माझ्याकडं पाहिलं. मी बॅटरी नीट धरली.

उरलेल्या शाळांतही आम्ही एकेक करून पुन्हा गेलो. प्रत्येक ठिकाणी मी तेच सांगितलं. चौथ्या-पाचव्या शाळेनंतर मला ते जमायला लागलं, आणि मग तर मी ते इतकं रंगवून सांगू लागलो की मामूंनी एकदा टेंपोत मला टोकलं, "सर, माफीचंबी भाषन करू नगा."

मामू मागच्या पावसाळ्यात गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला. कब्रस्तानात माती द्यायला मीही गेलो. गर्दीत मागं उभा होतो, तर त्यांच्या थोरल्या मुलानं मला हाताला धरून पुढं नेलं आणि नातेवाइकांना सांगितलं, "हे आमचे आभाळवाले सर. अब्बा कायम यांचं नाव घ्यायचे. म्हणायचे, माझी लय शिकल्याली मानसं बघून झाली, पर पोराटोरांम्होरं 'मी चुकलो' म्हननारा मास्तर एकच बघितला."

लोकांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माफी मागितली हे मामूंनी घरी, दारी, नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितलं होतं. त्याआधी त्याच गावात, त्याच पोरांसमोर मी त्यांच्यावर काय ढकललं होतं, हे त्यांनी त्यांच्या मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. मी मूठभर माती दिली आणि तिथं काहीच बोललो नाही. मला पुन्हा एकदा लाज वाटली होती. मामूंनी गाळलेला तेवढा भाग राहिला होता, तो आज लिहिला.